गप्प म्हणजे थांब

आधीच सांगते, मला झोपून राहता येत नाही. लहानपणी तापातसुद्धा मी पलंगावरून उठून पळायचे आणि आई मला पलंगाला बांधून ठेवायची भाषा करायची. पुढे व्यवसायही तसाच मिळाला. मी दोर लावून झाडांवर चढते. वाळलेल्या फांद्या, पोखरलेली खोडं, सोसायटीच्या गच्चीवर कललेले वड आणि पिंपळ, हे कापून सुखरूप खाली उतरवणं माझं काम. पुण्यात असं काम करणारे फार नाहीत, त्यात बाई म्हटली की सोसायटीचे चेअरमन आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्यामागे कोण उभं आहे ते बघतात. त्यांना तिथे बाळूदादा दिसतात आणि ते निवांत होतात. बाळूदादा खालून दोर धरतात, झाडावर चढत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार.

तर अशा बाईला जीबीएस झाला. शरीराची राखण करणारी फौज आपल्याच नसांवर उलटते आणि हातपाय संपावर जातात, एवढं कळलं तरी पुरे. बाकीचं डॉक्टर सांगतील. मी हे लिहितेय ते कोणाच्या घरात आत्ता कोणी असं पडून असेल त्यांच्यासाठी. थोडं माझ्यासाठीही, कारण उजव्या हाताचा अंगठा अजून रुसलेला आहे आणि त्याला कामाला लावायचं आहे.

मुंग्या

कात्रजच्या एका सोसायटीत रेन ट्रीचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पावलांना मुंग्या आल्या. हार्नेसमध्ये तासन्‌तास लटकणाऱ्या माणसाला मुंग्यांचं काही वाटत नाही. मांडीचे पट्टे आवळतात, रक्त अडतं, पाय बधिर होतात. अशा वेळी पाय झाडायचे, फांदीवर थोडं उभं राहायचं, पट्टा जरा सैल करायचा. मी तिन्ही केलं आणि पुढच्या फांदीला लागले.

मग बोटांना मुंग्या आल्या. तेही आम्हाला नवीन नाही, चेनसॉ करवतीच्या कंपाने हात बधिरतातच. पाय जड वाटले, तर वाटलं आठवड्यापूर्वी पोट बिघडलं होतं, त्याचा अशक्तपणा असेल. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे कामातलं उत्तर तयार होतं. ऑफिसात बसणारी बाई दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेली असती. म्हणून माझ्यासारखं अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांना सांगते: रोजची दुखणी आपल्या ओळखीची असतात, म्हणून त्यांच्या घोळक्यात एखादं अनोळखी दुखणं शिरलं तर ते दिसत नाही. मुंग्या रात्री झोपल्यावरही गेल्या नाहीत तर त्या हार्नेसच्या नव्हेत.

तिसऱ्या दिवशी वर असताना दोर अडकवायच्या कॅराबिनरची कडी फिरवून बंद करायला गेले आणि अंगठ्यात जोरच येईना. हे मात्र माझ्याकडच्या कुठल्याच उत्तरात बसत नव्हतं. मी खाली आले, बुंध्याशी टेकले आणि बसून राहिले.

"ताई, उठा," बाळूदादा म्हणाले.

"उठते."

"कवा?"

मी जोर लावला. पाय माझेच होते, पण ऐकत नव्हते. बाळूदादांनी आणि इम्रानने मला दोन बाजूंनी धरून टेम्पोत बसवलं. इम्रान आमच्यातला दुसरा चढणारा. "काही नाही ताई, वीकनेस असेल," तो म्हणत होता आणि टेम्पो मात्र कात्रजच्या चौकात सिग्नलला थांबायला तयार नव्हता.

आमचा नियम

पुढचं समजायला हा नियम माहीत हवा. झाडावर यंत्राचा आवाज असतो, पानं असतात, वरच्याला खालचा दिसत नाही. म्हणून कापणारा ओरडतो, "खाली?" खालचा माणूस चारी बाजू बघतो, दोर बघतो आणि मग म्हणतो, "खाली मोकळं." तसंच खालचा दोर हलवण्याआधी विचारतो, "वर?" आणि वरचा म्हणतो, "वर तयार." उत्तर आलं नाही तर सगळं जिथल्या तिथे. ऐकू आलं असेल, हो म्हणाला असेल, नेहमीचंच तर आहे, असलं काही धरून चालायचं नाही. गप्प म्हणजे थांब. आणि का थांबवलं हे त्या क्षणी कोणी कोणाला विचारत नाही.

काही धरून न चालता दर वेळी खात्री करायची, हे मी माझ्या पप्पांकडून उचललं. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. आत जाताना खिसे उलटे करून काडेपेटी नाही हे दाखवायची सवय त्यांना इतकी होती की रिटायर झाल्यावरही लग्नाच्या हॉलच्या दारात त्यांचा हात खिशाकडे जायचा. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, हसा, पण मी दहाही बोटं घेऊन घरी आलोय.

हातोडी

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी छोट्या हातोडीने गुडघ्यावर टकटक केलं. गुडघा गप्प. दुसरा गुडघाही गप्प. त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "आत्ताच ॲडमिट व्हायचं."

"उद्या खडकीला काम आहे," मी म्हणाले.

"झाड कुठे पळून जात नाही."

त्या झाडाच्या बाबतीत मला तशी खात्री नव्हती, पण वाद घालण्याइतकी ताकद राहिली नव्हती. मग मणक्यातलं पाणी काढलं, हातापायांना विजेचे झटके देऊन नसा तपासल्या. माझा नवरा प्रशांत हिंजवडीहून ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून धावत आला होता. मॅडमनी आम्हाला आजाराचं नाव सांगितलं. बहुतेक लोक बरे होतात, वेळ लागतो, किती ते आत्ता सांगता येत नाही.

"मला परत झाडावर चढता येईल?" मी विचारलं.

"आधी श्वासाचं बघू."

मला ते नुसतं बोलणं वाटलं. पण ते बोलणं नव्हतं. नर्स दर थोड्या वेळाने यायची आणि एका श्वासात जमतील तितके आकडे म्हणायला लावायची. दर वेळी मी आधीच्यापेक्षा लवकर थांबायचे. प्रशांत पायथ्याशी उभा राहून ओठ हलवत माझ्याबरोबर मोजायचा, आणि मी थांबले तरी त्याचे ओठ पुढे जायचे. त्याच वेळी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मरणाची म्हणत नाही. पडून राहण्याची.

नळी

श्वास पुरेना म्हणून तोंडातून नळी घातली. मशीन छाती वरखाली करायचं. हात नाहीत, पाय नाहीत, आवाज नाही. फक्त पापण्या माझ्या राहिल्या. आणि डोकं. डोक्याला काहीही झालेलं नव्हतं आणि हाच सगळ्यात मोठा वैताग होता. ते येरझाऱ्या घालत होतं. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली की जगात दुसरा विषय उरायचा नाही.

आयसीयूत दिवस कसा जातो ते सांगते. कूस बदलतात. नळीतला कफ खेचून काढतात, तेव्हा घुसमटल्यासारखं होतं. गार ओल्या कापडाने अंग पुसतात. एक्स-रेची पाटी पाठीखाली सारतात, ती त्याहून गार. मग पुन्हा कूस. सगळे चांगले लोक होते, त्यांच्यामुळे मी आहे. पण जो येईल तो विचारायचा, "काय, बरं वाटतंय ना?" आणि उत्तराआधी पुढच्या खाटेकडे वळायचा. घरचेही तसेच. आई माझ्या वतीने म्हणायची, "हो, आज चेहरा फ्रेश आहे." मी गप्प होते आणि माझ्या भोवती कोणीच थांबत नव्हतं.

भर म्हणून खाट खिडकीशी मिळाली होती. बाहेर गुलमोहर, आणि त्याची एक जाड फांदी पूर्ण मेलेली. साल सुटलेली, सांध्यात बुरशीच्या पापड्या. तिच्या बरोब्बर खाली भेटायला येणाऱ्यांच्या दुचाक्या. माझा नवराही रोज तिथेच गाडी लावायचा, सावली असते म्हणून. वारा आला की माझ्या हृदयाचे ठोके वाढायचे, मशीन ओरडायचं आणि सिस्टर माझ्या तब्येतीसाठी धावत यायची.

मग एका दुपारी बाळूदादा आले. ते लोणी काळभोरचे. शर्टाची वरची गुंडी लावून, टोपी हातात धरून पायथ्याशी उभे राहिले. बरं वाटतंय का, असं त्यांनी विचारलं नाही. साइटवर ओरडतात तेच, पण हळू आवाजात म्हणाले, "वर?"

आणि ते थांबले.

किती सवयीचं होतं ते. खाली उभं राहून, मान वर करून, उत्तर येईपर्यंत हातातला दोर न हलवता थांबायचं. भेटीची वेळ संपत आली, वॉर्डबॉयने एकदा हटकलं, तरी ते हलले नाहीत. मी पापण्या मिटल्या आणि उघडल्या. त्यांनी आणखी वाट बघितली. मी पुन्हा मिटल्या.

"दोनदा म्हंजी तयार," ते म्हणाले. "एकदा म्हंजी थांब. जमतंय न्हवं?"

मी दोनदा मिटल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कानात गेलं. पुसायला हात नव्हता. बाळूदादांनी इकडेतिकडे बघून टोपीनेच पुसलं.

जाताना ते लिजी सिस्टरला म्हणाले, "सिस्टर, ह्या सांगतात. इचारून जरा थांबायचं." लिजी सिस्टर केरळच्या, मराठी मोडकंतोडकं. त्यांना हे फार आवडलं. तेव्हापासून कफ काढण्याआधी त्या माझ्या चेहऱ्यावर वाकून म्हणायच्या, "वर?" घुसमट तेवढीच व्हायची. पण माझ्या हो म्हणण्यानंतर व्हायची. एकदा मी एकदाच पापणी मिटली. त्या नळी हातात धरून उभ्या राहिल्या. माझं श्वासाचं जरा जमलं, मग मी दोनदा मिटल्या. सगळ्या आजारपणातलं मला मिळालेलं सगळ्यात मोठं सुख कोणतं असं विचाराल तर ते हे.

तुमच्या घरचं माणूस असं पडून असेल तर त्याच्या वतीने बोलू नका. विचारा आणि थांबा. पापणी, भुवई, बोट, काहीतरी त्याच्याकडे उरलेलं असतं.

पहिलं वाक्य

औषधांच्या बाटल्या चढल्या, दिवस गेले आणि एके सकाळी नळी निघाली. खाटेभोवती आई, प्रशांत, लिजी सिस्टर. आईने माझं डोकं कुरवाळलं. घसा खरवडून निघाला होता. मी खूप जोर करून म्हणाले, "गुलमोहराखाली गाडी लावू नकोस."

प्रशांतने खिडकीतून खाली बघितलं. मग माझ्याकडे.

"एवढ्या दिवसांनी हे?"

"फांदी मेलीय."

"तू जिवंत आहेस ते आधी बघू का?" तो म्हणाला, आणि तोंड फिरवून रडला. पण गेला खाली आणि गाडी हलवली.

घरी

घरी आल्यावर खरं भांडण सुरू झालं. बरं होणं हे फार कंटाळवाणं काम आहे. फिजिओथेरपिस्ट यायची, मी बोटांनी कणीक तिंबायचे, चिमटे दोरीला लावायचे आणि काढायचे, भिंतीला धरून हॉलच्या टोकापर्यंत जायचे. चिडायचे. कणकेचा गोळा एकदा भिंतीवर मारला, तो तिथपर्यंत पोचलाही नाही. आईने तो उचलून त्याच्या पोळ्या केल्या.

एक दिवस इम्रानचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "प्रशांतभाईंनी सांगितलं ताई, तुम्ही आता चढणार नाही. टेन्शन नका घेऊ, आम्ही मॅनेज करतोय."

मी फोन ठेवला. फोन ठेवायलाही दोन हात लागत होते, त्यामुळे आपटता आला नाही.

"मी चढणार नाही हे कोणी ठरवलं?" संध्याकाळी मी विचारलं.

"ठरवायचं काय त्यात?" प्रशांत म्हणाला. "तुला अजून बाटलीचं झाकण उघडत नाही."

"मला विचारलंस?"

"सुजाता, तुझी छाती मशीन हलवत होतं. ते तू बघितलं नाहीस. मी बघितलंय. मला आता तुला लटकलेलं बघायचं नाही. कशालाच."

त्याचं खरं होतं. पण माझंही खरं होतं. चढता येईल की नाही, हे माझे स्नायू ठरवतील. ते कदाचित नाही म्हणतील आणि मला ऐकावं लागेल. पण माझ्या वतीने दुसऱ्याने नाही म्हणायचं म्हणजे मी अजून त्या खाटेवर आहे. आम्ही त्या आठवड्यात फक्त भाजी आणि औषधं याबद्दल बोललो.

त्यातच हार्नेस. माझ्या आजाराला पोटाचा संसर्ग कारण असावा असं ऐकल्यापासून आई घरातली प्रत्येक वस्तू ब्लीचच्या पाण्यात बुडवत होती. एक दिवस बाल्कनीत बघते तर पायपुसण्यांच्या शेजारी माझा हार्नेस वाळत घातलेला. लख्ख.

"घामाचा किती वास येत होता," आई म्हणाली.

दिसायला हार्नेस नवा झाला होता. पण असल्या रसायनात पट्ट्यांचे धागे आतून कुजतात आणि ते वरून कळत नाही. असा हार्नेस आमच्यात कोणी वापरत नाही, आणि चुकूनही कोणी वापरू नये म्हणून कापून टाकतात. बाळूदादा आले, पट्टे हातात फिरवून बघितले, माझ्याकडे बघितलं. "वर?" ते म्हणाले. मी बराच वेळ काही बोलले नाही. ते सुरी हातात धरून थांबले. मग मी म्हणाले, "वर तयार." त्यांनी एकेक पट्टा कापला.

आई दारात उभी होती. "धुतला म्हणून कापला?" ती म्हणाली. मी तिला समजावून सांगितलं. तिने मुद्दाम केलं का, हे मी विचारलं नाही आणि कधी विचारणारही नाही.

तपासणीला दवाखान्यात गेले तेव्हा गुलमोहराची ती फांदी कोणीतरी कापलेली होती. कुऱ्हाडीने, मधूनच, हातभर खुंट ठेवून. आता पाणी मुरून तो खुंटही कुजणार. मी वाटेतल्या वॉचमनला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पेशंट ना?"

दोर

चालायला लागल्यावर बऱ्याच दिवसांनी बाळूदादांचा फोन आला. "ताई, खडकीत शिरीष हाय. दोर धराया येता का?"

प्रशांतने गाडी काढली. मला एकटीला सोडलं नाही. साइटवर लोकांना अडवायला लावलेल्या फितीच्या बाहेर हाताची घडी घालून उभा राहिला. एका बैठ्या चाळीच्या पत्र्यावर झाडाची फांदी झुकलेली होती. इम्रान वर. गरज पडली तर त्याला खाली आणायला ओळखीचा एक चढणारा हार्नेस चढवून बुंध्याशी बसलेला. बाळूदादांकडे फांदी वळवायचा बारका दोर. आणि फांदी उतरवायचा मुख्य दोर माझ्याकडे.

तो दोर फांदीला बांधून, वरच्या बेचक्यातून खाली आणून, खोडाला वेढे देऊन धरतात. फांदी सुटली की वजन वेढ्यांवर येतं, वेढे कमी पडले तर हातांवर, आणि मग हाताने हळूहळू दोर सोडायचा. मी वेढे घेतले, हातमोजे घातले, उभी राहिले. हातात दोर आल्यावर किती महिन्यांनी अंगातली ती वळवळ शांत झाली ते काय सांगू.

वरून यंत्राची घरघर. "खाली?" इम्रान ओरडला.

मी चारी बाजू बघितल्या. पत्र्याखालची माणसं बाहेर काढलेली. फीत लावलेली. मग दोर बघितला, आणि लक्षात आलं की वेढे मी जुन्या हातांच्या सवयीने घेतले होते. ही माझी जुनी बोटं नव्हती. मूठ आवळली तर अंगठा अर्ध्यावरच थांबत होता. "खाली मोकळं" हे शब्द तोंडाशी आले होते. ते म्हटले असते तर कोणाला काही कळलं नसतं. फांदी सुटून दोर हातातून धावेपर्यंत.

मी गप्प राहिले.

इम्रानने यंत्र बंद केलं. झाड, चाळ, सगळं एकदम शांत झालं. मी दोर सैल केला आणि आणखी एक वेढा घ्यायला लागले. अंगठा घसरत होता. दोर एकदा हातातून निसटला, पुन्हा उचलला. प्रशांत फितीखालून आत आला.

"साहेब, ऱ्हाऊ द्या," बाळूदादा म्हणाले. "त्या सांगतील."

तो होता तिथेच उभा राहिला. इम्रान वर फांदीवर बसून होता. कोणी विचारलं नाही काय झालं, कोणी म्हणालं नाही आण मी धरतो. वेढा बसला. मी दोर ओढून बघितला, मग आणखी एकदा ओढून बघितला.

"खाली मोकळं."

यंत्र सुरू झालं. फांदी कडकडली, दोर ताणला, वेढे करकरले आणि धरून राहिले. मी थोडं थोडं सोडत गेले. शिरीषाची ती सबंध फांदी पानांसकट जमिनीवर टेकली, तेव्हा एक कौलही हललं नाही, म्हणजे पत्रा हलला नाही असं म्हणायला हवं. हातमोजे बाळूदादांनी ओढून काढले.

परतताना खडकी स्टेशनसमोर प्रशांतने चहासाठी गाडी थांबवली. चहाचा ग्लास मी दोन्ही हातांनी धरला.

"परत वर जायचंय तुला?" त्याने विचारलं.

त्या सगळ्या महिन्यांत हे त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. मी अंगठ्याकडे बघितलं. उत्तर मला अजून माहीत नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही.

त्याचा चहा संपला. तरीही त्याने गाडी सुरू केली नाही, दुसरा विषय काढला नाही, माझ्या वतीने काही म्हणाला नाही. माझ्याकडे बघत तो थांबून राहिला.